पोटावरची तीन मिनिटं

माझ्यावर पाय ठेवणार असाल तर आधी चपला काढा. मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, कुस्तीची. माझ्यावर कोणी झोपायला येत नाही, समोरच्याला झोपवायला येतात. मार खाणं हा माझा धंदा आणि तो मी सतरा वर्षं इमानेइतबारे केला. त्यामुळे मी जरा तोंडाळ आहे. गोड बोलणारं कोणी हवं असेल तर उशीकडे जा.

माझा जन्मही मारझोडीतलाच. फोमचे तुकडे तापलेल्या यंत्राखाली घालून चेपले, इतके चेपले की श्वास घ्यायला जागा उरली नाही. मग कडा पात्याने कापल्या. वरून निळं रेक्झिन चढवताना ते ताणून बसवणाऱ्या कामगाराच्या अंगठ्याचं नख उलटलं. तो कळवळला, एक सणसणीत शिवी हासडली आणि मला लाथ घातली. जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द तो आणि पहिला स्पर्श ती लाथ.

तिथून मी कुस्तीच्या हॉलमध्ये आले. माझ्यासारख्या चोवीस जणी एकमेकींना घट्ट चिकटवून जमिनीवर पसरलेल्या. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. माणसं मानेवर पडायची, खांद्यावर पडायची, एकमेकांच्या बोकांडी बसायची. घाम तर रोजचाच, रक्तही अधूनमधून. एकदा एकाचा पुढचा दात पडला आणि तो शोधायला सहाजण गुडघ्यांवर रांगत होते. ज्याचा दात होता तो मात्र तोंडाला फडकं लावून पोट धरून हसत होता.

हॉलमधल्या मारामारीला कायदा असतो, हे मी तिथे शिकले. तिला वेळ असते. तीन मिनिटांची एक फेरी, मग अर्धं मिनिट दम खायचा, मग दुसरी फेरी. तिला शिट्टी असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सराव करताना कोणाला सहन झालं नाही तर त्याने गादीवर दोनदा हात आपटायचा. थप, थप. त्या दोन थापा ऐकल्या की वरचा माणूस कितीही पेटलेला असो, हात सोडतो. सोडतोच. मग खालच्याला हात देऊन उठवतो आणि विचारतो, "जास्त लागलं का रे?"

पुढे मी एका घरात गेले. तिथे दोन थापांना कोणी विचारत नव्हतं.

पण आधी तिच्याबद्दल सांगते. ती पंधरा वर्षांची असताना हॉलमध्ये आली. हात काडीसारखे, कोपरं टोकदार. मास्तरांनी तिला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, "ही काय लढणार? हिला आधी कोणीतरी जेवायला घाला." चौथ्या दिवशी तिने दुप्पट वजनाच्या एका मुलीच्या पायाला मिठी मारली. ती मुलगी पाय झाडत, हिला ओढत हॉलभर फिरली, हिच्या कोपरांचं सालटं निघालं, पण मिठी सुटली नाही. शेवटी ती मोठी मुलगीच रडकुंडीला आली. त्या दिवसापासून हॉलमध्ये तिचं नाव पडलं घोरपड.

मला घोरपड आवडायची. पडली तरी नीट पडायची, मला उगाच नखं लावायची नाही. तिला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे पालथं पडणं. कुस्तीत जो नुसता टाळाटाळ करतो, हल्लाच करत नाही, त्याला पंच शिक्षा देतात. पोटावर पड म्हणतात आणि प्रतिस्पर्ध्याला वर बसवतात. तिच्या शेवटच्या मोठ्या कुस्तीत पंचांनी तिच्याकडे बघून बोट खाली केलं. ती पालथी पडली. वरच्या मुलीने कमरेला विळखा घातला, उचललं, पिरगाळलं आणि पाठीवर आपटलं. तिचा खांदा निखळला तो आवाज सगळ्यांच्या आधी मी ऐकला. शिट्टी झाली. ती वळून पुन्हा पालथी झाली, तोंड माझ्यात खुपसलं आणि मला कडकडून चावली. ती खूण अजून आहे, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर आत. चार दात स्पष्ट मोजता येतात.

त्यानंतर तिची कुस्ती सुटली आणि लग्न झालं. नवरा मोठा ट्रेलर चालवायचा. त्याच सुमारास हॉलमध्ये नव्या गाद्या आल्या आणि मास्तरांनी आम्हाला कापून ज्याला हवा त्याला आठवण म्हणून एकेक तुकडा द्यायला काढला. ती आली, चोवीसही जणींवरून हात फिरवत गेली आणि माझ्याशी थांबली. दातांवरून ओळखलं तिने मला.

मास्तर म्हणाले, "घरात हिचं काय करणार गं?"

"असू दे मास्तर. कपाटामागे ठेवीन."

पात्याने मला दुसऱ्यांदा कापलं. दोन माणसं आडवी मावतील एवढी उरले, आणि खरंच कपाटामागे उभी राहिले. दोन वर्षं.

कपाटामागून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. मी आवाजांवर वाढलेली. पाठ भिंतीवर आपटल्याचा आवाज, गालावर बसलेल्या पंजाचा आवाज, कोणी केस धरून ओढलं की टाच फरशीवर घसटते तो आवाज, हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ड्रायव्हर बाहेर फार गोड माणूस. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून द्यायचा. दार लागलं की जेवण गार का, शर्ट ओला का, दार उघडायला एवढा वेळ का. बायकोला त्याने कधी नावाने हाक मारली नाही. "ए," एवढंच. आणि हातात येईल ते फेकायचा. ग्लास, बशी, बरणी, एकदा घड्याळ. काच फुटली की खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या छताला काठीने ठोकायचे. ठक ठक ठक. "आवाज कमी करा!" काकांना आवाजाचा त्रास व्हायचा. तो कशाचा आहे, याचा होत नव्हता.

मला तिचा राग यायचा, खरं सांगते. अगं, तू घोरपड ना? तुझ्या मिठीतून भल्याभल्या सुटल्या नाहीत. आणि या माणसाला तू एक हात परत देत नाहीस? पण ती फक्त एवढंच म्हणायची, "पुरे. लागतंय. पुरे." मला वाटतं पहिल्या वर्षी तिला लाज वाटत होती. एवढी पैलवान बाई घरात मार खाते हे सांगायचं कोणाला? आणि दुसऱ्या वर्षी मूल झालं.

पोराला ती गठुड्या म्हणायची, कारण तो कायम दुपट्यात गुंडाळलेला आणि तिच्या डाव्या हातावर असायचा. स्वयंपाक करताना हातावर, केर काढताना हातावर. मार खाताना तो हातावरच असायचा, फक्त ती भिंतीकडे वळायची आणि पाठ पुढे करायची. हात अगदीच भरून आला की त्याला झोक्याच्या खुर्चीत पट्टा लावून ओट्यावर ठेवायची. पाठीवर, मान उजवीकडे, तोंड भिंतीकडे. खाली ठेवायची नाही. कधीच नाही.

गठुड्या चार महिन्यांचा झाला तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. आवाजावरून अंगाने भक्कम आणि स्वभावाने सरळ वाटल्या. त्यांनी पोराला खाटेवर निजवून दोन्ही हातांना धरून हळूच बसतं करायला घेतलं असावं, कारण त्या एकदम थांबल्या.

"मान मागेच राहतेय की याची. अशी किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"आणि डोकं बघ. उजवीकडे मागे पार चपटं झालंय. पोटावर ठेवतेस का याला?"

"पोटावर?" घोरपडीचा आवाज असा आला की जणू त्यांनी खिडकीतून फेकतेस का विचारलं.

"अगं, झोपताना पाठीवरच, ते बरोबर आहे, ते मोडायचं नाही. पण जागा असताना पोटावर. तू समोर, डोळा त्याच्यावर. दूध पाजल्या पाजल्या नको. सुरुवातीला मिनिटभर, मग दोन, तीन. दिवसातून पाच-सहा वेळा. मान वर करायला बघेल, रडेल, तरी प्रयत्न करेल. त्यातूनच मान धरते, खांदे धरतात, दंड धरतात. मग उलटेल, मग बसेल, मग रांगेल. सगळ्याची सुरुवात तिथून आहे. तो नुसता हातावर आणि खुर्चीत राहिला तर जोर कुठून येणार त्याला? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून घेऊ, पण हे आजपासून कर. जमिनीवर काहीतरी अंथर आणि ठेव."

पोराचं कुरकुरणं खाटेवरून वर गेलं, म्हणजे घोरपडीने त्याला पुन्हा हातावर घेतलं.

"काय गं? जमिनीवर ठेवायला काय हरकत आहे?"

मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नर्सबाई वाकल्या असाव्यात. फ्रीजखालून काहीतरी खरवडून काढल्याचा बारीक आवाज झाला. काचेचा.

तुकडा ओट्यावर टेकला. मग नर्सबाई अगदी हळू म्हणाल्या, "किती दिवस?"

"पहिल्यापासून," घोरपड पुन्हा तेच म्हणाली.

"हे बघ, मी तुला आत्ता काही कर म्हणत नाही. माझा नंबर पोराच्या कार्डावर आहे. तू 'या' म्हटलंस की मी येते, आणि एकटी येत नाही. पण पोराला खाली ठेव. एवढं ऐक."

त्या दुपारी कपाट सरकलं. दोन वर्षांनी उजेड पाहिला. घोरपडीच्या डाव्या डोळ्याखाली पिवळा पडलेला वळ, केस कसेतरी बांधलेले. तिने मला पसरलं. ओल्या कापसाने आधी सगळी फरशी टिपून घेतली, मग माझा इंच न् इंच, आणि मग उघड्या तळव्याने दोनदा चाचपलं. तिसऱ्यांदा गालाने. त्यानंतर छातीखाली टॉवेलची वळकटी देऊन गठुड्याला पालथं ठेवलं.

तो माझ्या अंगावर पडला आणि मी दचकले. मला शंभर किलोची सवय. हा जेमतेम सहा किलो. नाक माझ्यात रुतवून त्याने असा काही टाहो फोडला की खालच्या काकांची काठी लगेच वाजली. पोराने मुठी वळल्या, झाडल्या आणि माझ्यावर आपटल्या. थप, थप.

झालं. घोरपडीने झडप घालून त्याला उचललं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तो रडायचा, दोनदा हात आपटायचा आणि ती उचलायची. दहा सेकंदही होत नव्हते. मला कळत होतं काय चाललंय, पण मी बोलणार कशी? तिच्या हाडांत मुरलेलं होतं ते. थप थप म्हणजे हरला, सोड. आणि पालथं म्हणजे शिक्षा.

आठवड्याने नर्सबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, काय करतेस? एवढ्यात का उचललंस?"

"त्याने थापा दिल्या."

"कसल्या थापा?"

घोरपडीने सांगितलं. नर्सबाई आधी हसल्या, मग तिच्याकडे बघून हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "बाई, तो शरण नाही आलेला. तो ढकलतोय. जमिनीला ढकलून वर यायचं असतं ना, ते शिकतोय. आणि तू उभी राहून वरून बघतेस, त्याला दिसतात तुझे पाय. मान कशाला उचलेल तो? खाली ये. त्याच्यासमोर झोप."

मी घोरपडीकडे पाहिलं. खाली ये म्हणजे पोटावर. त्या कुस्तीनंतर ती कधी पालथी झालेली नव्हती. झोपतानाही नाही.

ती गुडघ्यांवर आली. कोपरांवर आली. मग पोट माझ्यावर टेकलं आणि तिच्या छातीतली धडधड मला लागली. हनुवटी टेकली तिथे तिचेच चार दात होते. तिचं नाक आणि पोराचं नाक, मध्ये चार बोटं अंतर.

"ए गठुड्या," ती म्हणाली, "बघ. मी पण खालीच आहे."

पोराचं रडणं अडखळलं. मान थरथरली. कपाळ माझ्यापासून सुटलं, बोटभर वर आलं, एक क्षण राहिलं आणि धप्पकन पडलं. मी आयुष्यात खाल्लेला सगळ्यात हलका मार तो. मला तो पुन्हा हवा होता.

मग फेऱ्या सुरू झाल्या. घोरपडीला दुसरी कुठली भाषा येत होती? ओट्यावरच्या घड्याळाकडे बघून ती तोंडाने शिट्टी वाजवायची. सुरुवातीला वीस सेकंद, मग मिनिट, मग तीन मिनिटांची पूर्ण फेरी. मध्ये अर्धं मिनिट कुशीत. मान डावीकडे वळावी म्हणून डावीकडे लाल झाकण ठेवायची, कारण उजवीकडे बघायची खोड होती त्याची. "कोपर आत घे! खांदा उचल! शाब्बास रे माझ्या पैलवाना, अजून दहा, अजून नऊ!" पोरगं लाळ गाळत, लालबुंद होऊन झुंजायचं. पंधरा दिवसांत मान धरली. महिन्याभरात कोपरांवर छाती उचलली. डोळे झाकणामागे फिरायला लागले. चपटी बाजू तिच्या तळव्याला पूर्वीपेक्षा गोल लागायला लागली, ती रोज चाचपून बघायची.

आणि अजून एक झालं, जे नर्सबाईंनी सांगितलं नव्हतं. पोरगं खाली होतं, त्यामुळे घोरपडीचे दोन्ही हात मोकळे झाले.

सुरुवातीला तिला त्यांचं काय करावं कळेना. नुसती समोर पडून राहायची. मग एका फेरीत तिने पोराबरोबर स्वतःला वर ढकललं. एक जोर. दंड लटपटले. पुढच्या फेरीत दोन. पोराला तो खेळ वाटला, आई वर गेली की हा वर बघायचा आणि खिदळायचा. महिन्याभरात ती तीन मिनिटं न थांबता जोर मारत होती आणि निखळलेला खांदा कुरकुरत का होईना साथ देत होता. माझ्यावर पुन्हा पैलवानाचा घाम पडला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण मार चालूच होता. आणि इथे मला माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. मी खोलीच्या मधोमध पसरलेली असायचे. तो तिला ढकलायचा आणि ती माझ्यावर पडायची. माझ्यावर पडलेल्याचा आवाज होत नाही, त्यासाठीच तर मला बनवलं. खालच्या काकांची काठी वाजेनाशी झाली. जिन्यात ते ड्रायव्हरला म्हणालेही, "हल्ली शांतता आहे बुवा, बरं वाटलं." त्याने हसून नमस्कार केला. तिचा मार मी गिळत होते आणि जगाला वाटत होतं सगळं आलबेल आहे.

मग ती दुपार आली. गठुड्या साडेपाच महिन्यांचा. दुसरी फेरी चालू होती, दोन मिनिटं झालेली. पोरगं पहिल्यांदाच कोपरं सोडून तळव्यांवर आलं होतं, हात सरळ, छाती पूर्ण वर. घोरपड श्वास रोखून बघत होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ट्रेलरची खेप रद्द झाली होती आणि ड्रायव्हर वेळेआधी घरी आला होता.

"ए, जेवायला वाढ."

"एक मिनिट," ती न उठता म्हणाली. "फेरी संपू दे."

माझ्या समजुतीप्रमाणे तिने त्याला थांब म्हणायची ती पहिलीच वेळ.

"काय संपू दे?"

"एकच मिनिट. बघ ना, हातांवर आलाय तो."

"मी उपाशी दारात उभा आणि तू जमिनीवर लोळतेस?" त्याने ओट्यावरची काचेची बरणी उचलली आणि फेकली. ती पोराच्या डोक्यावरून भिंतीवर फुटली. माझ्या डाव्या कडेला काचांचा खच पडला. एक लांब तुकडा घसरत पोराच्या बोटांपाशी येऊन थांबला. महिन्यापूर्वीचं पोरगं असतं तर दचकून तोंडावर पडलं असतं, काचेसकट. हे पडलं नाही. मान ताठ ठेवून त्याने आवाजाच्या दिशेने पाहिलं. डावीकडे.

"हे फडकं आधी घराबाहेर काढतो," म्हणत ड्रायव्हर वाकला. त्याने माझी उजवी कड दोन्ही हातांत धरली आणि उचलली. पोरासकट. मी तिरपी झाले. सात किलोचा जीव माझ्या अंगावरून काचांकडे घसरायला लागला. त्याची बोटं माझ्या रेक्झिनला धरू पाहत होती आणि मी इतकी गुळगुळीत! मी स्वतःला शिव्या घातल्या.

घोरपड उठली नाही. तिथूनच, पोटावरूनच, तिने झेप घेतली. दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही गुडघे कवटाळले, खांदा मांडीत घातला आणि ओढलं. तो लाकडासारखा मागे गेला, माझी कड त्याच्या हातातून सुटली, मी जमिनीवर आदळले आणि तोही माझ्यावर आदळला. काय आदळला! सतरा वर्षांत तेवढा समाधानाचा मार मी खाल्ला नव्हता. त्याने लाथ झाडली, ती तिच्या बरगडीत बसली. ती वर सरकली, त्याला पालथा केला, दंड पिरगाळून पाठीवर आणला. तो ओरडला. त्याचा मोकळा हात माझ्यावर आपटला.

थप, थप.

आणि तिची पकड सुटली.

तिने सोडली नव्हती, हातांनी आपोआप सोडली होती. दहा वर्षांची सवय. तो वळला आणि कोपर तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. केस धरून तिचं डोकं त्याने माझ्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचं रक्त माझ्यावरच्या तिच्याच दातांच्या खुणेत उतरलं. मी जमेल तेवढी मऊ झाले, याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

माझ्या त्या टोकाला हे चाललं होतं आणि या टोकाला दोन चिमुकले तळवे अजून माझ्यावर रोवलेले होते. हात थरथरत होते. खालचा ओठ बाहेर आला होता. पण मान वर होती आणि पोरगं सगळं बघत होतं.

तिने पोराकडे पाहिलं. मग तिचे हात पुन्हा त्याच्या कमरेला भिडले आणि या वेळी ती घोरपड होती. तिने त्याला उचललं, जसं तिला कधीतरी उचललं गेलं होतं, आणि पाठीवर टाकलं. दोन्ही खांदे माझ्यावर. मानेखालून हात, छातीवर भार. त्याने ठोसे मारले, ओरबाडलं, तिच्या दंडाला चावला. मग थापा दिल्या. थप थप. थप थप थप. मला हिशेब कळत होता आणि तिलाही. या घरात तो नियम नव्हता, आणि तो त्यानेच ठेवला नव्हता.

ठक ठक ठक. खालून काठी वाजली. "आवाज कमी करा!"

घोरपडीने रक्त थुंकलं आणि अशी ओरडली की खिडकीची काच हलली. "काका! वर या! दार उघडंच आहे! आज बघायलाच या!"

काका काठीसकट आले, मागून काकू. दारात थिजले. भिंतीवर बरणीचे डाग, जमिनीवर काच, खाली ड्रायव्हर आणि त्याच्या छातीवर रक्ताळलेली बाई.

"अगं, हे काय..." काकांनी काठी खाली टेकवली.

"याचाच आवाज यायचा तुम्हाला," ती म्हणाली. "काकू, आधी पोराला उचला. जपून, काच आहे. आणि त्याच्या कार्डावर नर्सबाईंचा नंबर आहे, त्यांना सांगा, या."

काकूंनी पोराला उचललं तेव्हा कुठे तो रडला. तोपर्यंत तो तसाच होता, तळव्यांवर. नर्सबाई आल्या तेव्हा म्हटल्याप्रमाणे एकट्या आल्या नाहीत. दोन पोलीस होते. त्यांनी "आता सोडा बाई" म्हटल्यावरच तिने सोडलं. काका जिन्यात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "मला वाटायचं भांडी पडतात." त्यांच्या आवाजात लाज होती, आणि ती असायलाच हवी होती.

संध्याकाळी ती निघाली. पोरगं पोटाशी बांधलेलं, एक पिशवी आणि खांद्यावर वळकटी केलेली मी.

आता मी पुन्हा हॉलमध्येच आहे. मागच्या खोलीत आम्ही तिघं राहतो. मास्तरांनी चावी दिली आणि काही विचारलं नाही. घोरपड सकाळी मुलींना शिकवते. पोराचं डोकं आता बऱ्यापैकी गोल आहे. सातव्या महिन्यात तो उलटला, आठव्यात बसला, आणि आता असा रांगतो की माझ्यावर ठेवला की मिनिटात माझ्यावरून पसार. मी फाटलेय. कडेला फोम बाहेर आलाय आणि पोरगं तो उपटून तोंडात घालतं, म्हणून येत्या रविवारी घोरपड मला टाकून देणार आहे. बरोबरच आहे तिचं. मी रुसलेली नाही. काम झालं माझं.

एकच गोष्ट मला सलते. दारावर पावलं वाजली की रांगता रांगता तो थांबतो. हात रोवतो, मान वर करतो आणि दाराकडे बघत राहतो. कोण आहे हे कळेपर्यंत हलत नाही. ती मान मीच बळकट केली. ती पूर्ण वर आली त्या दिवशी समोर जे होतं, ते त्याने पाहिलं. म्हणून घोरपड अजूनही रोज सकाळी त्याच्यासमोर पालथी पडते, नाकाला नाक लावते आणि म्हणते, "बघ, मी पण खालीच आहे." मग तो हसतो. रोज थोडा लवकर हसतो.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्या पोराला जागेपणी पोटावर ठेवा. रडलं तरी घाई करू नका, हात आपटले तरी तो हरलेला नसतो. फक्त तो मान वर करायच्या आत एकदा त्याच्याजवळ खाली झोपा, आणि त्याला समोर काय दिसणार आहे ते बघून घ्या.